मला मारलं कुणी?

"मामा, मला मारलं कुणी?" काल रात्री विश्रामबागला ताईकडं बसलेलो, भाच्यानं विचारलं आणि मला पटकन सांगताच येईना.

पोरानं पहिल्यांदाच ऑनलाइन शूटर गेम टाकलेला. उघडल्या उघडल्या ऑफर, मग बक्षिसाचं चाक फिरवायचं स्पिन, मग स्किन म्हणजे बंदुकीचे-कपड्यांचे नवे रंगरूप, एक बंद केलं की दुसरं, सगळीकडं लाल ठिपके, आणि बंदुकीत गोळ्या कशा भरायच्या ते कुठंच नाही. विमानातनं उडी मारली, एका घरात शिरला, दारामागं दबा धरून बसला आणि तिथंच हळूहळू मेला. गोळी नाही, समोर माणूस नाही. झोनच्या बाहेर होता तो. नकाशावरचं वर्तुळ लहान होत जातं, बाहेर राहिलं की जीव कमी होतो, हे त्याला कळणार कसं?

आम्ही सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक हा बंदुकीचा गेम शिकलो तेव्हा शेजारच्या खुर्चीवरनं कुणीतरी ओरडायचं, "बी दाब बी, आधी बंदूक घे!" याच्या हेडफोनमध्ये काल अनोळखी आवाज आला, "नूब आहे, सोडा याला." नूब म्हणजे काही न येणारा नवखा. त्यानं गपचूप हेडफोन काढून ठेवला. लय वाईट वाटलं राव.

नव्या पोराला दहा मिनिटं नीट शिकवायला काय जातंय या गेमवाल्यांचं?

आज परत चाललोय ताईकडं, त्याच्या शेजारी बसायला.