चौंडक्याच्या ओढीने सौंदत्तीपर्यंत

मार्गशीर्ष पौर्णिमेच्या यात्रेसाठी बेळगावहून यरगट्टीमार्गे सौंदत्तीला निघालो, तेव्हा कोल्हापूरकडून आलेल्या भाविकांच्या गाड्यांनी रस्ता भरून गेला होता. यल्लम्मादेवीचे दर्शन घ्यायचे होतेच. पण माझी खरी ओढ चौंडके या लोकवाद्याची होती.

जोगुळभावीपाशी डोक्यावर जग, म्हणजे देवीची टोपली, घेतलेल्या जोगतिणी आणि भंडाऱ्याने पिवळे झालेले जोगते, असे देवीला वाहिलेले भक्त भेटले. एकाच्या काखेत चौंडके होते. लाकडी नळकांड्याचे एक तोंड कातड्याने मढवलेले असते आणि दुसरे उघडे. कातड्याच्या मध्यातून ओवलेली तात पोकळीतून बाहेर येऊन डाव्या हातातल्या मुठीला बांधलेली असते. उजव्या हाताने तात छेडायची आणि डाव्याने मूठ ओढत किंवा सोडत सूर चढवायचा-उतरवायचा. वादकाने समजावले, "तात लई ताणली तर तुटती, आन सैल सोडली तर नुसती भुणभुण ऱ्हातीया."

नाट्यशास्त्रातले तत (तारेची), सुषिर (फुंकायची), अवनद्ध (कातड्याने मढवलेली) आणि घन (ठोकायची) हे वाद्यांचे चार प्रकार लावायला गेलो, तर हे वाद्य तंतुवाद्य की चर्मवाद्य, असा पेच पडतो. हॉर्नबोस्टेल आणि साक्स या वाद्य-अभ्यासकांनी १९१४ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणात छेडल्या जाणाऱ्या अशा वाद्यांना ढोलांच्या पंगतीत बसवले आहे. नंतरच्या काही अभ्यासकांना मात्र ती तंतुवाद्येच वाटतात. शेजारी बसून ऐकल्यावर मला दुसरे मत पटले, कारण बोलते ती तात, कातडे तो आवाज केवळ मोठा करते. तरीही गाण्याचा ताल याच वाद्यावर चालतो, हे विसरता येत नाही.

बंगालमधल्या बाउल या भटक्या गायकांचे खमक हे चौंडक्याचे सख्खे भावंड. पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांचा डुंडुन हा खराखुरा ढोल आहे, पण तोही काखेतच धरतात. दोन्ही तोंडांना जोडणाऱ्या चामड्याच्या वाद्या हाताने दाबल्या की सूर चढतो आणि वाकड्या काठीचे ठोके बोलण्यातल्या चढउतारांची नक्कल करतात. योरुबा भाषेत सुराच्या चढउताराने शब्दाचा अर्थच बदलत असल्याने ऐकणाऱ्याला त्या ठोक्यांतून वाक्ये ओळखता येतात. कोत्सुझुमी ही छोटी जपानी ढोलकी उजव्या खांद्यावर ठेवून डाव्या हाताने तिच्या दोऱ्या आवळतात.

चौंडक्याची ही गाणी मुली देवाला सोडण्याच्या प्रथेपासून वेगळी काढून ऐकता येत नाहीत. कर्नाटकाने १९८२ मध्ये त्या प्रथेविरुद्ध कायदा केला. मेळ्यातल्या वयस्क जोगतिणींकडे पाहताना तो फार उशिरा आला असेच वाटत राहिले.

परतताना निपाणीच्या बाजूला एका वरातीपुढे हलगी कडाडत होती. हलगीला असा सूर ओढण्याची सोय नाही. वादक जाळावर धरून तिचे कातडे तापवत होते. ओत्सुझुमी या दुसऱ्या जपानी ढोलकीचे कातडेही प्रयोगापूर्वी कोळशाच्या धगीवर असेच शेकतात, तर तिच्या जोडीच्या कोत्सुझुमीला उलट ओलावा लागतो आणि वादक तिच्या कातड्यावर तोंडाची वाफ सोडतात.