८००९ ची ओळ

बुधवार, रात्री उशिरा

सोसायटीच्या सभासद शोधायच्या पानाकडे जायला दोन वाटा आहेत. एक थेट टॉमकॅटकडे, म्हणजे पान चालवणाऱ्या प्रोग्रामकडे, ८०८० क्रमांकाच्या दारातून (पोर्ट). दुसरी अपाचे या पुढच्या सर्व्हरमधून, तो विनंती ८००९ च्या दारातून टॉमकॅटला देतो. ८०८० वरून शोधलं की नाव सापडतं. अपाचेच्या वाटेने गेलं की तेच नाव, तीच अक्षरं, तोच डेटाबेस, आणि नोंदी शून्य. कारण कळलंय, दुरुस्तीही झालीय. तरी डोकं थांबत नाही म्हणून लिहून काढतोय.

ज्या सभासद मामांचं हे झालं त्यांचं खरं नाव इथे लिहीत नाही, कल्लाप्पा धरू. मामा सोमवारी बेळगुंदीहून आले होते. मी प्रिंटरच्या कामासाठी सोसायटीत होतो म्हणून हे बघायला मिळालं, नाहीतर कळलंही नसतं. काउंटरवर पासबुक ठेवलं, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं, भिजू नये म्हणून वर रबर. नवीन शोधायची चौकट आहे म्हणून ताईंनी कौतुकाने मराठीत नाव टाकलं. "असा सभासद नाही." मग कन्नडमध्ये टाकलं. परत तेच. ताई म्हणाल्या, "दाखवत नाही की ओ मामा."

मामा म्हणाले, "म्हणजे नाव काढून टाकलासा काय माझं?"

चिडून विचारलं असतं तर मला एवढं लागलं नसतं. आवाज अगदी साधा होता. असं कधीतरी होणार हे धरूनच चालल्यासारखा. मग ताईंनी इंग्रजी स्पेलिंग घातलं आणि पान लगेच उघडलं. फोटो, शेअर, ठेव, सगळं जागच्या जागी. मामा पावती घेऊन गेले, रांग पुढे सरकली.

ती मराठी-कन्नड चौकट व्हावी म्हणून मी किती जणांच्या मागे लागलो होतो, ते जाऊ दे.

आज सगळे गेल्यावर बसलो. आधी लॉग. अपाचेच्या लॉगमध्ये विनंती व्यवस्थित आलेली, उत्तर २००, म्हणजे सगळं ठीक. टॉमकॅटच्या लॉगमध्ये एक लाल ओळ नाही. बिघाड असता तर कुठेतरी ओरड दिसली असती. इथे दोघंही म्हणतायत, आमच्याकडून काम झालं. मला सगळ्यात जास्त हेच टोचतंय. नाव होतं. पलीकडे डेटाबेसमध्ये होतं, अलीकडे ताईंच्या पडद्यावर होतं. आणि मधे कुणी साधं "मला हे वाचता येईना" एवढंही म्हणालं नाही.

मग कोडमध्ये एक ओळ घातली: आलेल्या नावाची लांबी छाप. कल्लाप्पा म्हणजे क, ल, हलन्त, ल, काना, प, हलन्त, प, काना. नऊ. ८०८० वरून ९ छापलं. अपाचेवरून २७.

ते २७ बघितलं आणि सगळं कळलं. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं बाईटमध्ये मांडायच्या तक्त्यात, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाईट लागतात, कन्नडलाही तीनच. दोन्ही लिप्यांचा पहिला बाईटसुद्धा एकच, ई-शून्य. नऊ त्रिक सत्तावीस. म्हणजे वाटेत एकही बाईट सांडला नव्हता. अपाचे आणि टॉमकॅट आपसात एजेपी बोलतात, ८००९ वर. ती बोली फार काटकसरीची. विनंतीचे प्रकारही आकड्यांत, गेट म्हणजे २, पोस्ट म्हणजे ४, विनंतीसोबतच्या नेहमीच्या माहितीला (हेडर) ठरलेले छोटे आकडे. पण पत्त्यातल्या प्रश्नचिन्हानंतरचा मजकूर ती जसाच्या तसा हातात देते. अपाचेने मामांचं नाव अख्खंच्या अख्खं पोचवलं होतं. घेणाऱ्याने ते दुसऱ्या तक्त्याने वाचलं.

आमचा टॉमकॅट अजून आवृत्ती ७ आहे. (८ पासून पत्ता मुळातच यूटीएफ-८ धरतात. ७ ला सांगावं लागतं, नाहीतर तो आयएसओ ८८५९-१ धरतो, पश्चिम युरोपातल्या भाषांचा तक्ता.) आणि सांगायचं ते प्रत्येक कनेक्टरला, म्हणजे दाराला, वेगळं. टॉमकॅटच्या सेटिंगच्या फाइलीत, सर्व्हर डॉट एक्सएमएलमध्ये, ८०८० च्या ओळीत यूआरआय-एन्कोडिंग (पत्ता कुठल्या तक्त्याने वाचायचा ते) लिहिलेलं आहे, ८००९ च्या ओळीत नाही. एकाच घराला दोन दारं, आणि आल्यागेल्याची भाषा एकाच दारावरच्या माणसाला सांगून ठेवलेली. आयएसओ ८८५९-१ मध्ये तर कुठलाही बाईट चुकीचा ठरतच नाही. प्रत्येकाला तिथे काही ना काही अक्षर आहेच. म्हणून ओरड नाही. २७ परकी अक्षरं जोडून एक नाव तयार झालं, टॉमकॅटने तेच मनापासून शोधलं, आणि असा सभासद नाही म्हणून प्रामाणिकपणे सांगितलं.

प्रामाणिकपणे. हेच मला पचत नाहीये. मामांना कुणी खोटं सांगितलं नाही, आणि तरी ते जे विचारून गेले ते विचारायची वेळ त्यांच्यावर आली.

खरं म्हणजे राग काढायला माझ्या आधी ही मशीनं लावणारा माणूस बरा होता. मागचं सगळं त्याच्याच हातचं. पण त्याच ८००९ च्या ओळीवर त्याने सीक्रेट, म्हणजे परवलीचा शब्द, घातलंय. २०२० मध्ये घोस्टकॅट नावाची टॉमकॅटमधली फट निघाली तेव्हाची गोष्ट. ८००९ उघडं असलं की बाहेरचा माणूस ॲपच्या आतल्या फाइली वाचू शकत होता. ७.०.१०० पासून ते दार मुळातच बंद ठेवून देतात, आणि उघडायचं तर सीक्रेट मागतात. त्याने मशीन तेव्हाच त्या आवृत्तीवर नेलं, सीक्रेट घातलं, ऐकायचा पत्ता १२७.०.०.१ केला, म्हणजे फक्त त्याच मशीनमधून बोलता येईल असा, वर कॉमेंटमध्ये कारण लिहिलं. इतकं नीट काम केलेल्या माणसावर काय रागावणार? तेव्हा पत्त्यातून मराठी कुणी पाठवतच नव्हतं. सगळे इंग्रजी स्पेलिंगने शोधत होते.

संध्याकाळी मात्र मनात फार वाईट आलं. पुण्याहून दादाचा परत फोन, तोच विषय. हिंजवडीत माझ्याबरोबरचे कुठे पोचले, आणि मी टिळकवाडीत एका अवतरणचिन्हाच्या जोडीसाठी रात्र घालवतोय. उद्या कुणी विचारलं काय केलंस, तर काय दाखवू? एक शब्द वाढवला. तो कुणाला दिसणार नाही. चाललं की चालतं म्हणतात, अडलं की आमची आठवण. आईने आतून विचारलं, "जेवलास नाही, काय करूलालास अजून?" काय सांगणार होतो तिला.

८००९ च्या ओळीत यूआरआय-एन्कोडिंग घातलं. टॉमकॅट बंद करून चालू केला. मधेच पान रिफ्रेश झालं, म्हणून अपाचेने ५०३, म्हणजे सेवा आत्ता मिळणार नाही, दाखवायला सुरुवात केली. टॉमकॅट उठून बसला तरी ते ५०३ च. ते ठाऊक आहे. एकदा मागचा सर्व्हर मेला असं ठरलं की मॉड प्रॉक्सी, म्हणजे अपाचेचा विनंती पुढे देणारा भाग, ६० सेकंद त्याच्याकडे फिरकत नाही. घड्याळाकडे बघत बसलो. मग नाव टाकलं, मराठीत. लांबी ९. मामांचा फोटो आला. कन्नडमध्ये टाकलं. तोच फोटो. त्या घटकेला मला पुण्याचं काही आठवलं नाही. हे काम असंच आहे, दोघांच्या मधलं. मधे सगळं सुरळीत असलं की तिथे कुणी बसलंय हे दिसत नाही, आणि मला ते चालतं. आत्ता तरी चालतं.

तेवढ्यात पडद्यावरचं वाक्यही बदललं. "असा सभासद नाही" हे सांगायचा अधिकार शोधायच्या चौकटीला का असावा? आता "या नावाने नोंद मिळाली नाही, खाते क्रमांक टाकून पाहा" असं येतं, दोन्ही भाषांत.

उद्या खानापूर, मग निपाणी. तिथली मशीनंही त्याच्याच हातची, म्हणजे ८००९ ची ओळही तशीच असणार. टॉमकॅट ९ वर न्यायचं पत्र परत देणार आहे. ७ ला २०२१ पासून कुणी दुरुस्त्या देत नाही, हे या खेपेला ठळक लिहितो.

मामांना फोन मीच करणार. ताईंना तसं सांगून ठेवलंय.