ओलिताच्या रात्री लागलेला कलर

जानेवारी २०२४. हरभऱ्याला दुसरं पाणी सुरू होतं आणि त्या आठवड्यात आमच्याकडं शेतीची लाईन रात्री दहाला यायची. दारव्हा तालुक्यातलं वावर, धुऱ्यावर पाच मिनिटं टेकलं तरी दवानं पँट ओली. स्प्रिंकलर एकदा सुरू केला की तीन तास पाइप हलवायचे नसतात. तेवढ्या वेळात रोही (नीलगाय) आली तर हाकलायची, नाहीतर मोबाईल.

मोबाईलवर मी पोकर खेळायचो. त्या रात्री ११० रुपये भरून हायपर-टर्बो नावाच्या झटपट स्पर्धेत बसलो. १८० खेळाडू, प्रत्येकाला ३,००० चिप्स आणि दर तीन मिनिटांनी ब्लाइंड वाढणार. ब्लाइंड म्हणजे पानं बघायच्या आधीच दोघांनी टाकायची सक्तीची रक्कम. ती इतक्या लवकर वाढते की नुसतं चांगल्या पानांची वाट बघत बसलेला माणूस वाट बघता बघताच संपतो. हाताशी दहा-बारा ब्लाइंडच उरले की मग दोनच गोष्टी: पानं टाकून द्यायची, नाहीतर सगळं पुढं लोटायचं, म्हणजे ऑल-इन.

मी आलो तीनपत्तीतून. पोळ्याला पारावर बसून शिकलेली. सिक्वेन्स म्हणजे ओळीनं लागलेली पानं, कलर म्हणजे सगळी एकाच जातीची, जशी सगळी बदाम. तिथं सिक्वेन्स कलरला मारतो, पोकरात नेमकं उलटं. सुरुवातीला या उलट्या हिशेबात मी बरेच पैसे घालवले. मग एकदा वहीत मांडून पाहिलं. तीन पानांत साधा सिक्वेन्स ७२० प्रकारे लागतो आणि कलर १,०९६ प्रकारे, म्हणून सिक्वेन्स दुर्मिळ. पाच पानांत सिक्वेन्स १०,२०० आणि कलर ५,१०८. पानं वाढली की मान बदलतो. (तीनपत्तीत प्युअर सिक्वेन्स, म्हणजे एकाच जातीचा, ४८ आणि ट्रेल, म्हणजे तीन सारखी पानं, ५२, तरी ट्रेल मोठा! हे पारावर सांगितलं तर मलाच उठवून लावतील.)

पहिली पंचवीस मिनिटं सांगण्यासारखी नाहीत. पानं टाकली, दोनदा ऑल-इन गेलो, दोनदा वाचलो. रेंज फक्त विहिरीच्या काठाशी दोन काड्या यायची, म्हणून एका हातानं थाळ्याचा दगड धरून उभा होतो. रेंज गेली की ॲप तुमची पानं आपोआप टाकून द्यायचं. एकदा हातात राण्यांची जोडी असताना तसंच झालं.

शेवटच्या टेबलावर नऊ जण उरले तेव्हा स्प्रिंकलरचा आवाज बदलला. नोझल एरवी टिक्-टिक्-टिक् करत फिरतं, ते आता टिक्... टिक्... असं रेंगाळायला लागलं. दाब कमी झाला होता. मला कळलं. खोटं कशाला बोलू, कळूनही मी जागचा हललो नाही.

दोघंच उरलो. ब्लाइंड १०,०००-२०,०००. माझ्याकडं ३,१०,००० आणि समोरच्याकडं २,३०,०००. मला बदामची सत्ती-अठ्ठी आली. तेवढ्यात धुऱ्यापलीकडून बॅटरीचा उजेड आणि आवाज: "काऊन बे, तुहं पानी माह्या तुरीत घुसलं ना!"

"आलोच काका, दोन मिन्टं!"

आणि ऑल-इन दाबलं. समोरच्यानं क्षणात कॉल केला, म्हणजे त्यानंही सगळं लावलं. त्याचा एक्का किलवरचा, नव्वी इस्पिकची. अशा वेळी माझी बाजू चाळीस टक्क्यांच्या आसपास. मध्ये दोघांसाठी सामाईक पाच पानं उघडतात, त्यातली पहिली तीन: बदाम राजा, बदाम दुर्री, चौकट नव्वी. त्याला जोडी लागली, मला कलरला एक पान कमी. चौथं पान इस्पिक छक्की. आता बदाम आलं तर कलर, पंजी किंवा दश्शी आली तर सिक्वेन्स. उरलेल्या ४४ पानांत माझ्या कामाची १५.

"अबे, आयकू नाही येत का तुले?"

बदाम चव्वी.

मी काही ओरडलो नाही. काका तिकडं उभे असताना ओरडून सांगणार तरी काय? मोबाईल खिशात टाकला आणि चिखलात पळालो. चौथ्या पाइपाच्या कपलरचं रबर निसटलं होतं आणि कारंजं थेट काकांच्या कापणीला आलेल्या तुरीत. मोटर बंद केली, जोड बसवला, शिव्या खाल्ल्या. मधल्या पट्ट्यातला आमचा हरभरा आठवडाभरात पिवळा पडला तो पडलाच. काळ्या जमिनीत हरभऱ्याला फार पाणी सोसत नाही.

पहिलं बक्षीस ४,८०० रुपये. वर्षभरात मी १,८०० भरले होते, ते वजा जाऊन ३,००० निव्वळ, त्यावर ३० टक्के टीडीएस. हातात ३,९०० आले. आता तो खेळच राहिला नाही. ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानं पैशाचे ऑनलाइन खेळ बंद झाले.

त्या पैशातून पहिली वस्तू आणली ती दारव्ह्याहून: कपलरची रबरं, डझनभर. त्यातली दोन काकांना दिली. "माह्याकडं कुठं स्प्रिंकलर हाय बे?" असं म्हणाले, पण ठेवून घेतली.