सर, अजून चार मिनिटं आहेत

स्मरणिका समितीचा फोन आला तेव्हा मी लगेच हो म्हणालो आणि विषयही तिथल्या तिथे ठरला. अमृतमहोत्सव शाळेचा असला तरी मी लिहिणार इतिहासाच्या बाईंवरच. नाव लिहीत नाही. ज्यांनी आठवी ते दहावी जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर काढली, त्यांना नुसतं ‘बाई’ म्हटलं तरी पुरे. गणिताच्या सरांवर कोणीतरी लिहीलच, त्यामुळे माझ्यावर त्यांचा रुसवा नसावा.

साल १९८२. गिरण्यांचा संप जानेवारीत सुरू झालेला, जूनमध्ये शाळा उघडली तरी मिटण्याचं नाव नव्हतं. वर्गातल्या निम्म्या पोरांचे वडील घरी बसलेले. अशात जालियनवाला बागेचा धडा आला. पुस्तकात जेमतेम एक परिच्छेद. वाचून झाल्यावर मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, “बाई, डायर राक्षसच होता.” बाई म्हणाल्या, “राक्षस म्हटलं की आपण सुटलो. आज जरा गणित करू.”

फळ्यावर त्यांनी लिहिलं: बंदुका ५०, गोळ्या १६५०, वेळ सुमारे १० मिनिटं. एका बंदुकीच्या वाट्याला किती? तेहतीस. म्हणजे दर किती सेकंदांनी एक? अठरा. मग बाईंनी वर्ग मोजला. पन्नासला दोन कमी पडत होते, म्हणून शेजारच्या तुकडीतून दोघांना उसनं आणलं. स्वतःचं मनगटी घड्याळ काढून मॉनिटरच्या हातात दिलं. त्याने “हं” म्हटलं की सगळ्यांनी एकदम बाकावर पट्टी आपटायची, मग पुढच्या “हं”ची वाट बघायची.

पहिल्या दणक्याला बाकांच्या फटींतली धूळ उडाली आणि आम्ही खो-खो हसलो. अठरा सेकंद किती लांबलचक असतात हे तोवर माहीत नव्हतं. त्यात एक माणूस नेम धरू शकतो, खांदा सावरू शकतो, पुढचा कोण ते निवडू शकतो. तिसऱ्या मिनिटाला शेजारच्या वर्गावरच्या बाई डोकावून गेल्या. मग शिपाईमामा आले. सहाव्या मिनिटाला खुद्द मुख्याध्यापक दारात. “बाई, काय चाललंय हे?” बाईंनी घड्याळावरची नजर काढली नाही. “सर, अजून चार मिनिटं आहेत.” आणि आमचे मुख्याध्यापक, ज्यांच्या चपलांचा आवाज आला तरी व्हरांडा रिकामा व्हायचा, ते चारही मिनिटं दारात उभे राहिले. माझी पट्टी मधेच मोडली, उरलेले दणके मी तळहाताने दिले.

नंतर बाई बोलल्या ते थोडंच. काडतुसं संपत आली तेव्हा गोळीबार थांबला. सरकारी आकडा ३७९ मृतांचा, लोकांचा त्याहून कितीतरी मोठा. पुढे चौकशीसाठी नेमलेल्या हंटर समितीसमोर डायरने काहीच लपवलं नाही. त्या समितीवर आपल्या मुंबईचे वकील चिमणलाल सेटलवाड होते. त्यांनी विचारलं, बागेचा बोळ रुंद असता आणि चिलखती गाड्या आत गेल्या असत्या, तर मशीनगन चालवल्या असत्या का? डायर म्हणाला, बहुधा हो. नुसता जमाव पांगवायचा नव्हता, सगळ्या पंजाबवर वचक बसवायचा होता. बाई म्हणाल्या, “चिडलेला माणूस मोजत नाही. हे मोजूनमापून केलंय.”

आमचा पुढचा सगळा इतिहास याच अंगाने झाला. काँगोत बेल्जियमचा राजा लिओपोल्ड स्वतः कधी गेलाही नाही, पण रबर गोळा करून घेणाऱ्या त्याच्या शिपायांना झाडलेल्या गोळीचा हिशोब द्यावा लागे आणि पुरावा म्हणून माणसाचा कापलेला हात. आफ्रिकेच्या नैर्ऋत्येला १९०४ साली जर्मन सेनापती फॉन ट्रोथाने हेरेरो जमात संपवण्याचा लेखी हुकूम काढला. हे काही आमच्या पुस्तकात नव्हतं. बाई कुठून वाचायच्या देव जाणे. पगार तो केवढा, आणि दादरच्या रद्दीवाल्याकडे निम्मा जायचा असं आम्ही म्हणायचो.

आणि मग मुंबई. इंग्रजांनी आपल्याला रेल्वे दिली, हायकोर्ट दिलं, असं कोणी म्हटलं की बाई आझाद मैदान काढायच्या. १५ ऑक्टोबर १८५७ रोजी सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या दोन शिपायांना तिथे तोफेच्या तोंडी दिलं. देशी पलटणींना बघायला उभं केलं होतं. “मारायला एक गोळी पुरली असती. तोफ बघणाऱ्यांसाठी होती.” जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, गिरणगावाने सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या, लष्कराने गोळ्या घातल्या. फेब्रुवारी १९४६ मध्ये नाविकांच्या उठावाला साथ देणाऱ्या मुंबईत दोनशेहून अधिक माणसं मेली, परळला कम्युनिस्ट कार्यकर्त्या कमल दोंदे गोळीबारात गेल्या. म्हणजे आमच्याच गल्ल्यांत. त्या दिवशी घरी आजीला विचारलं तर म्हणाली, “मग? खिडक्या लावून बसलो होतो,” आणि तांदूळ निवडत राहिली.

मी पुढे अकाउंट्समध्ये गेलो. कंपनीने काही वर्षं नैरोबीला पाठवलं. तिथल्या उहुरू पार्कमध्ये माऊ माऊ लढ्यातल्या, म्हणजे केनियातल्या ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या बंडातल्या, छळाचं स्मारक आहे, २०१५ मध्ये उभं राहिलं, पैसे ब्रिटिश सरकारचे. त्याआधी २०१३ मध्ये त्या सरकारने छळ सोसलेल्या ५,२२८ जणांसाठी वकिली खर्चासकट १ कोटी ९९ लाख पौंड मान्य केले. खेद व्यक्त केला, कायदेशीर जबाबदारी मात्र नाकारली. मी तिथे उभ्या उभ्या मोबाइलवर भागाकार केला. माणशी सुमारे ३,८०० पौंड, त्यातही वकिलांचा वाटा. बाईंना पत्र लिहून कळवलं असतं, पण तोवर त्या गेल्या होत्या.

शाळेची नवी इमारत छान आहे, लिफ्ट आहे, वर्गात पडदे आहेत. मराठी माध्यमाच्या तुकडीत मुलं मात्र इतकी कमी की पन्नास बंदुका भरायच्या तर चार इयत्ता एकत्र कराव्या लागतील. इतिहासाचा तास आठवड्यात किती उरलाय ते विचारण्याचं धाडस मी केलं नाही.

एक सूचना समितीने मनावर घ्यावी. सहल दरवर्षी रिसॉर्टला जाते. एखाद्या वर्षी आझाद मैदानाला न्या. आमच्या वेळी तिथे काही नव्हतं, आता त्या दोन शिपायांचं स्मारक आहे. सीएसएमटीला उतरून रस्ता ओलांडला की झालं, बसचा खर्चही नाही. वडापावचे पैसे मी देतो.