मुरूडात एकही मुरूडकर नाही

आडनाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, ‘कोकणातले का?’ आमचं मुरूड लातूरचं. समुद्राचा काही संबंध नाही. घरात माहिती एवढीच, की १९१८च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत, घर रिकामं झालं आणि पणजोबा मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य, सोडून सोलापूरच्या गिरणीत आले.

मागे त्र्यंबकेश्वरला उपाध्यांनी गावावरून वही काढली. मुरूडच्या पानावर पणजोबांच्या वडिलांचं नाव सापडलं. आडनाव शिंदे! मुरूडकर गिरणीच्या हजेरीबुकात झालं, असं आजी सांगायची. (घरात काही बदललं की खापर कारकुनावर, हे आहेच.)

कुर्डुवाडीहून पॅसेंजरनं निघालो. अडीच फुटी रुळांची बार्शी लाईट १९११ साली लातूरपर्यंत पोचली होती. पणजोबा उलट्या दिशेनं त्याच गाडीनं गेले असणार. आता ब्रॉडगेज आहे, त्यामुळे डुलकी लागेपर्यंत मुरूड आलंसुद्धा.

पारावर एक आजोबा बसले होते. जुन्या नोंदींचं नाव काढताच म्हणाले, “कुणब्याचा दाखला काढायलाव का?” हल्ली इकडं कुणी जुने कागद विचारले की हाच अर्थ.

“नाही आजोबा, मुरूडकरांचं घर शोधतोय.”

“मुरूडात कसले मुरूडकर? गावात र्‍हाणाऱ्याला गावाचं नाव कोन लावतंय?”

शिंदे म्हटल्यावर त्यांनी विचारलं, कोणते शिंदे? कुळदैवत? मी तुळजाभवानी म्हणालो, तर हसले. या भागात ते सांगून काय कळणार! शेताचं नाव विचारलं, विहिरीचं विचारलं. मला एकही येईना.

मग मी देवघरातला रुपया काढला. दर लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू लावून लावून चारमिनारच्या कमानी बुजल्यात. आजोबांनी तो धोतराच्या सोग्यानं पुसला, उन्हात तिरपा धरला.

“हाली हाय, निजामाचा रुपया. सात हालीला सहा कलदार, म्हंजी इंग्रजी रुपये, यायचे. सोलापुरात ह्यो चालत नव्हता, मोडून घ्यावा लागायचा.”

हा एक मात्र पणजोबांनी मोडला नव्हता.

तेवढ्यात चहा आला. पोऱ्यानं विचारलं, पाहुणे कोण? आजोबांनी रुपया माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, “सोलापूरकर हाईत.”