तुम्ही विचारलंत म्हणून: मासातलानला कायमचं राहायला जमेल का?

जानेवारीत आठवडाभर मासातलानला येऊन गेलेल्या मराठी मंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो. बहुतेक जण अमेरिका-कॅनडातले, निवृत्तीला वर्ष-दोन वर्षं उरलेली. "समुद्र झाला, मासे झाले, पण रोजचं राहणं कसं असतं हो? जमेल का आम्हाला?" जानेवारीत उत्तर सोपं वाटतं. दिवसा चोवीस-पंचवीस अंश, रात्री पातळ पांघरूण, आणि संध्याकाळी मालेकोनवर, म्हणजे किनाऱ्यालगत वीसेक किलोमीटर पसरलेल्या फरसबंद रस्त्यावर, फेरफटका. पण जानेवारी पाहुण्यांचा. राहणाऱ्यांचा खरा महिना सप्टेंबर, तेव्हा उत्तर तिथूनच सुरू करू.

मासातलान मेक्सिकोच्या सिनालोआ राज्यात, पॅसिफिकच्या काठावर, कर्कवृत्ताच्या जेमतेम खाली आहे. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत पाऊस. तो आपल्यासारखा झड लावत नाही. बहुतेकदा संध्याकाळी नाहीतर रात्री विजांसकट कोसळतो आणि सकाळी पुन्हा कडक ऊन. रत्नागिरीचा मे उचलून पावसाळ्यात आणून ठेवला तर जे होईल, ते इथं ऑगस्ट-सप्टेंबरात असतं. समुद्रही कोमट, त्यामुळे रात्रीसुद्धा उतार पडत नाही. चालणं, बाजार, दुरुस्तीची कामं सकाळी साडेनऊच्या आत उरकायची, नंतर घर गाठायचं. वादळांचा हंगाम कागदोपत्री १५ मे ते ३० नोव्हेंबर असला तरी इथल्या लोकांचं लक्ष सप्टेंबर-ऑक्टोबरवर असतं.

म्हणून खर्चाचा पहिला प्रश्न भाड्याचा नाही, विजेचा आहे. वीज पुरवते सरकारी कंपनी, सीएफई. बिल दोन महिन्यांनी येतं आणि फाटकात खोचून ठेवलेलं असतं. उन्हाळ्याच्या सहा महिन्यांत जास्त सवलत मिळते. मात्र मागच्या बारा महिन्यांची सरासरी ठराविक मर्यादेवर गेली की ग्राहक 'दाक' नावाच्या जादा वापराच्या दरात ढकलला जातो आणि सवलत संपते. गावाच्या उष्णतेप्रमाणे दरवर्ग ठरतो आणि मर्यादाही त्याप्रमाणे. थंड गावांच्या वर्ग १ मध्ये महिन्याला २५० युनिट, १सी मध्ये ८५०. यातली मेख 'बारा महिन्यांची सरासरी' या शब्दांत आहे. एका उन्हाळ्यात हात सैल सोडला तर हिवाळ्यात पंखासुद्धा न लावता ती सरासरी महिनोन्‌महिने खाली यायचं नाव घेत नाही. भाड्याच्या घरात आधीच्या भाडेकरूचा वापरही तुमच्याच मीटरवर असतो. घर बघायला गेलात की समुद्र दिसतो का हे नंतर बघा, आधी विजेचं बिल मागा. त्यावर मागच्या वापराचा तक्ता छापलेला असतो. त्यात वर्ग कोणता ते वाचा.

जुना, इन्व्हर्टर नसलेला एक टनी एसी तासाला साधारण एक युनिट खातो. रात्री आठ तास म्हणजे महिन्याला २४० युनिट, तेही एकाच खोलीचे. इन्व्हर्टर एसी, २५-२६ वर ठेवलेला, जोडीला छताचा पंखा, हाच इथला शहाणा हिशेब. बाहेरच्या युनिटची ॲल्युमिनियमची पातळ पाती खाऱ्या हवेनं पांढरी पडून भुगा होतात. पहिल्या रांगेतल्या इमारतींत तर फारच लवकर. दर महिन्याला गोड्या पाण्यानं, जोर न लावता, धुवायची. दोन रांगा आत घर घेतलं तर भाडं कमी, गंज कमी आणि वाराही बऱ्यापैकी.

घरात वीज १२७ व्होल्टची. अमेरिकेतली उपकरणं चालतात, पुण्याहून आणलेला २३० व्होल्टचा मिक्सर मात्र नुसता घुरघुरतो. ११० व्होल्टचाच घ्या.

पाण्याचं तंत्र मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. खाली हौद, वर टाकी, मधे मोटर. टाकीला इथं 'तिनाको' म्हणतात, ११०० लिटरची सगळ्यात जास्त दिसते. बिघाडही ओळखीचेच: बॉलकॉक अडकून टाकी वाहते, नाहीतर हौद रिकामा असताना मोटर कोरडी चालून जळते. हौदात आणि टाकीत दोन्हीकडे पातळी ओळखणारा स्विच असेल तर दुसरा प्रकार टळतो. मोटर एकदा जळली की हा स्विच फार स्वस्त वाटू लागतो.

नवखे अडतात ते गरम पाण्यापाशी. गीझर गॅसचा असतो आणि त्यातला 'बोयलेर दे पासो', म्हणजे साठवण न करता वाहतं पाणी तापवणारा प्रकार, पाण्याचा दाब पुरेसा असेल तरच पेटतो. टाकी शॉवरपासून तीन मीटर उंच असेल तर दाब जेमतेम ०.३ बार. तेवढ्यावर पुष्कळ गीझर पेटतच नाहीत, किंवा पेटून मधेच विझतात. मिस्त्री येतो, गीझर साफ करतो, पैसे घेतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दोष गीझरमध्ये नसतोच. टाकी उंच करा, किंवा छोटा प्रेशर पंप बसवा, किंवा कमी दाबावर चालणारं मॉडेल घ्या. आणि नळावरचं इंग्रजी 'सी' हे अक्षर 'कोल्ड'चं नव्हे, 'कालिएन्ते'चं, म्हणजे गरमचं. थंडासाठी 'एफ'. हात भाजल्यावर हे लक्षात राहतंच, पण आधी माहीत असलेलं बरं.

पिण्याचं पाणी २० लिटरच्या बुधल्यातून, म्हणजे 'गाराफोन'मधून. भरलेला बुधला वीस किलोच्या वर जातो. सत्तरीच्या कमरेनं तो उचलून उलटा करायच्या भानगडीत पडू नये. बुधल्याच्या तोंडावर बसणारा चार्जिंगचा छोटा पंप मिळतो, तो घ्या.

गॅस छपरावरच्या कायम टाकीत टँकरनं भरतात. काटा २० टक्क्यांवर आला की फोन करायचा, ८०-८५ टक्क्यांपुढे भरायचं नाही, कारण उन्हात गॅस फुगायला जागा लागते. भरण्याआधी मीटर शून्यावर आहे ना ते डोळ्यांनी बघा आणि छापील पावती घ्या. सरकार दर आठवड्याला कमाल दर जाहीर करतं, त्याच्याशी पावती ताडून बघता येते. हे तीनही न करणाऱ्याला कमी गॅस मिळाला तर तक्रार कशाच्या जोरावर करणार?

आता कागद. तात्पुरत्या रहिवासाचा व्हिसा मेक्सिकोच्या बाहेर, वकिलातीत मागावा लागतो. पर्यटक म्हणून आत येऊन साधारणपणे तो मिळत नाही. उत्पन्नाची अट किमान रोजंदारीच्या पटीत मोजतात: मागचे सहा महिने, दरमहा ३०० दिवसांच्या रोजंदारीएवढं. २०२५ साली रोजंदारी २७८.८० पेसो होती, म्हणजे ८३,६४० पेसो. रोजंदारी दर जानेवारीत वाढते, म्हणून अर्ज डिसेंबरच्या आत उरकणारे शहाणे. पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा १८० दिवस चालतो आणि आत आल्यावर ३० दिवसांत इमिग्रेशन कचेरीत कार्डाची प्रक्रिया सुरू करावी लागते. विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं सवयीनं 'पर्यटक' म्हणून नोंद केली तर पुढं सगळं अडतं. काउंटर सोडायच्या आधी शिक्का वाचा. पहिलं कार्ड एक वर्षाचं, मग तीन वर्षांपर्यंत वाढ, चार वर्षांनंतर कायम रहिवास.

मराठी नावांचा घोळ होतो तो याच टप्प्यावर. कार्डाबरोबर 'कुर्प' नावाचा अठरा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक मिळतो आणि तो नावावरून बनतो. मेक्सिकोत प्रत्येकाला दोन आडनावं, वडिलांचं आणि आईचं. समजा पासपोर्टवर नाव सुधीर वसंत, आडनाव कुलकर्णी. पहिली चार अक्षरं: आडनावातली के आणि यू, दुसरं आडनाव नाही म्हणून एक्स, नावाचं एस. पुढे सहा आकड्यांत जन्मतारीख, मग लिंग, मग परदेशात जन्मलेल्यांसाठी एन-ई, मग नाव-आडनावातली आतली पहिली व्यंजनं, एल-एक्स-डी, आणि शेवटी दोन जागा. कारकुनानं 'वसंत'ला आडनाव समजून घेतलं तर क्रमांकच बदलतो आणि पुढं बँक, विमा, वीज सगळीकडे तोच चुकत जातो. लिंगाच्या जागी पुरुषासाठी एच असतो. एम म्हणजे 'मुखेर', बाई. पासपोर्टवरचा पुरुषाचा एम पाहून तसाच उतरवला गेला तर कुलकर्णीकाका कागदोपत्री काकू होतात. कार्ड हातात आलं की खिडकीवरच उभं राहून अक्षर न्‌ अक्षर तपासा. पत्नीचा अर्ज नात्यावरून असेल तर विवाहाच्या दाखल्यावर अपोस्टील, म्हणजे परदेशात कागद मान्य व्हावा म्हणूनचा सरकारी शिक्का, लागतं. त्यावर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं असेल, तर दोन्ही एकाच व्यक्तीची आहेत हे दाखवणारा कागदही बरोबर ठेवा. इथल्या बायका लग्नानंतर नाव बदलत नाहीत, त्यामुळे कारकुनाला हे खरोखरच कळत नाही.

ग्रीन कार्डावर असलेल्यांनी आणखी एक हिशेब करावा. वर्षभर सलग अमेरिकेबाहेर राहिलं तर ते कार्ड धोक्यात येतं. इथलं कार्ड मिळवताना तिथलं घालवायचं का, ते आधी ठरवा.

घर विकत घेण्याची घाई नको. किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या पट्ट्यात परदेशी माणसाला घर थेट नावावर घेता येत नाही. बँकेच्या नावे ५० वर्षांचा ट्रस्ट करावा लागतो, त्याची वार्षिक फी असते आणि मुदत वाढवता येते. 'एहिदो' म्हणजे गावकीची सामायिक जमीन स्वस्तात देतो म्हणणारा भेटला तर नमस्कार करून निघा.

तब्येतीचं स्पष्ट सांगायचं तर अमेरिकेचं मेडिकेअर, म्हणजे तिथल्या वयस्करांचा सरकारी आरोग्यविमा, इथं जवळपास चालतच नाही. साठी-पासष्टीनंतर नवा खासगी विमा महाग आणि आधीचे आजार वगळून. आयएमएसएस या सरकारी आरोग्य-विमा योजनेत स्वेच्छेनं नाव घालता येतं, पण कित्येक जुने आजार असतील तर प्रवेशच नाही. खासगी हॉस्पिटलं बहुधा दाखल करून घेण्याआधी अनामत मागतात, म्हणून चांगल्या मर्यादेचं क्रेडिट कार्ड हा इथल्या औषधपेटीचाच भाग समजा. किरकोळ दुखण्याला औषधाच्या दुकानालगत बसणारे डॉक्टर पुरतात, फी नाममात्र. अँटिबायोटिकला २०१० पासून चिठ्ठी लागते. औषधांची नावं ओळखीची: मेटफॉर्मिनचं मेत्फोर्मिना, आणि तापाला चक्क पॅरासिटामॉल, ॲसिटामिनोफेन हे अमेरिकन नाव नाही. पावसाळ्यात डेंग्यू असतो. ताप आला की तपासणी होईपर्यंत ॲस्पिरिन-आयबुप्रोफेन घेऊ नये.

जेवणाचा प्रश्न शाकाहाऱ्यांनी जास्त मनावर घ्यावा. राजम्यासारख्या घेवड्याच्या उसळीत डुकराची चरबी, भातात कोंबडीचं पाणी, मैद्याच्या पोळीत पुन्हा चरबी. 'सिन कार्ने' म्हणजे 'मांसाशिवाय' सांगितलं तर कोंबडी किंवा हॅम येऊ शकतं, कारण पुष्कळांच्या लेखी कार्ने म्हणजे लाल मांस. विचारायचा प्रश्न वेगळा: "येवा मान्तेका?" यात चरबी आहे का? मक्याच्या पोळीला, म्हणजे तोर्तियाला, बहुधा भीती नाही, मका, चुना, पाणी, बस्स. घरी मात्र चंगळ: कोथिंबीर जुडीनं, आपल्या हिरव्या मिरचीच्या जवळ जाणारी सेरानो, चिंच, पेरू, पपई, शेजारच्या नायारित राज्यातून फणस, आणि 'हामाइका' नावाचं लाल सरबत, ते अंबाडीच्याच जातीच्या बोंडांचं. तूरडाळ आणि कढीपत्ता मात्र गृहीत धरू नका. तूर येताना बॅगेत.

सुरक्षिततेचं विचारायला लोक लाजतात, पण विचारावं. सप्टेंबर २०२४ पासून सिनालोआत टोळ्यांमधला संघर्ष भडकला. त्याचा मुख्य जोर राजधानी कुलियाकानकडे असला तरी मासातलान त्यातून सुटलेलं नाही. अमेरिकेचं परराष्ट्र खातं या राज्याला 'जाऊ नका' या सर्वांत वरच्या पातळीवर ठेवतं आणि आपल्या कर्मचाऱ्यांना मासातलानच्या ठराविक भागांतच मोकळीक देतं. राहणारे लोक महामार्गावर दिवसाउजेडीच, टोलच्या रस्त्यानं जातात. हे पाळायची तयारी नसेल तर दुसरं गाव बघा.

आवाजाचं एका वाक्यात: सिनालोआ हे बांदाचं, म्हणजे ट्यूबा-ढोलवाल्या वाजंत्रीचं माहेर आहे, आणि मार्च २०२४ मध्ये किनाऱ्यावरच्या वादनावर बंधनं घालायची भाषा झाली तेव्हा वादकच रस्त्यावर उतरले. घर बघायला शनिवारी रात्री जा.

दिवस निभावतो तो सुट्ट्या पैशांवर. ५०० ची नोट छोट्या दुकानात कुणी मोडत नाही. सुपरमार्केटात पिशव्या भरून देणारे आजोबा, पेट्रोल भरणारा, गाडी मागे घ्यायला हात दाखवणारा, सगळ्यांना नाणं. 'पुल्मोनिया' ही उघडी टॅक्सी, नावाचा अर्थ न्यूमोनिया. मीटर नसतं, बसण्याआधी भाडं ठरवा. मिस्त्री "आओरिता", म्हणजे "आत्ताच", म्हणाला तर ते आपल्या "आलोच"सारखंच घ्यायचं. घरच्यांना फोन करायला मात्र सोपं: सकाळचे सात म्हणजे पुण्यात संध्याकाळचे साडेसात. २०२२ मध्ये इथं घड्याळ पुढं-मागं करणं बंद झालं, त्यामुळे साडेबारा तासांचं हे अंतर वर्षभर तेच.

तेव्हा घर बघायला यायचं तर सप्टेंबरात या, महिनाभर भाड्यानं राहा, विजेच्या मीटरचे आकडे पहिल्या आणि शेवटच्या दिवशी लिहून ठेवा. मार्चच्या सुमाराला सुरू झालेली कोळंबीची मासेमारीबंदी साधारण त्याच सुमाराला उठायला लागते. जुन्या गावात आकिलेस सेर्दान रस्त्यावर छत्र्यांखाली 'चांगेरा', म्हणजे कोळंबी विकणाऱ्या बायका, बादल्या मांडून बसतात, बर्फाखाली आकारानुसार ढीग लावलेले. भाव डोक्यासकट आहे की डोकं काढून, ते आधी विचारा, कारण डोक्यात वजनाचा तिसरा हिस्सा तरी जातो. शेजारी 'सिएरा' दिसला तर हातात घेऊन बघा, अंगावर ठिपके असलेला, लांबट. तो आपल्या सुरमईचा सख्खा चुलतभाऊ. तुकडे करून मागा, नाहीतर ती बाई सेविचेसाठी, म्हणजे लिंबाच्या रसात मुरवलेल्या कच्च्या मासळीसाठी, खिमा करून देईल.