हीटर पेटला नाही की दोष कार्डाचाच का?

स्विमिंग पूलचा गॅस हीटर पेटत नसेल आणि आलेला माणूस कव्हर काढायच्या आधीच “कार्ड गेलंय” (कार्ड म्हणजे हीटर चालवणारा इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) म्हणत असेल, तर त्याला होकार देण्याआधी हे वाचा. ते वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता कुणी साधा फोनचा कार्ड रीडर म्हटलं तरी माझं डोकं फिरतं.

आमच्या हीटरच्या बिघाडाची सुरुवात सोपी होती. स्क्रीनवर पाण्याच्या प्रवाहाची तक्रार होती, फिल्टर तुंबलेला होता, बॅकवॉश केला (म्हणजे उलट पाणी सोडून तो धुतला) आणि ती तक्रार गेली. पाणी पुरेशा दाबाने येत नसेल तर हीटरमधला प्रेशर स्विच लागत नाही आणि पुढचं काहीच सुरू होत नाही. ते बरोबरच आहे, कारण पाणी नसताना बर्नर पेटला तर आतल्या तांब्याच्या नळ्यांची वाट लागते. हा स्विच वायर टाकून ‘डायरेक्ट’ करून देणारे महाभाग भेटतात. त्यांना हीटरच्या आसपास फिरकू देऊ नका.

खरा छळ त्यानंतरचा. थर्मोस्टॅटने गरम करायला सांगितलं की ब्लोअर, म्हणजे बर्नरला हवा देणारा पंखा, सुरू व्हायचा. थोड्या वेळाने बघायच्या काचेतून इग्नायटर, म्हणजे गॅस पेटवणारी कांडी, आधी लाल, मग पिवळट पांढरा तापलेला दिसायचा. मग गॅस व्हॉल्व्हचा ‘टक्’ असा आवाज. आणि मग काही नाही. क्वचित एक निळा भपका उठायचा आणि लगेच मरायचा. असं तीनदा झालं की हीटर लॉक व्हायचा आणि स्क्रीनवर इग्निशनचा एरर यायचा.

आता हा क्रम नीट बघा. ब्लोअर चालू कोणी केला? कार्डाने. हवेचा स्विच लागला हे बघून इग्नायटर तापवला कोणी? कार्डाने. ‘टक्’ झालं त्या क्षणी व्हॉल्व्हच्या टोकांवर मल्टीमीटर 24 व्होल्ट दाखवत होता, तेही कार्डानेच पाठवलेले. एवढं सगळं वेळच्या वेळी करणाऱ्या कार्डावर पहिला संशय का घ्यायचा, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

सर्व्हिस सेंटरचा मुलगा आला तेव्हा मी त्याला हेच विचारलं.

“मॅडम, एरर इग्निशनचा आहे ना? मग कार्ड.”

“पण इग्नायटर तर तापतोय. व्हॉल्व्हलाही करंट जातोय.”

“हो, पण कार्ड वीक झालं असेल.”

कार्ड वीक होतं म्हणजे नेमकं काय होतं, हे त्याला सांगता येईना. मी गॅसचा दाब तपासायला सांगितलं. त्याने गेज लावलं, हीटर बंद असतानाच आकडा बघितला, “गॅस ओके” म्हणाला आणि गेज काढून टाकलं. वर म्हणाला, “घरातली शेगडी चालतेय ना? मग गॅसचा प्रश्नच नाही.”

हा शेगडीचा मुद्दा तुमच्यासमोरही येणार, म्हणून हिशोब सांगून ठेवते. मोठ्या पूल हीटरच्या पाटीवर ताशी 4,00,000 बीटीयू असं लिहिलेलं असतं. म्हणजे सुमारे 117 किलोवॅट. शेगडीचा एक मोठा बर्नर तीन किलोवॅटच्या आसपास असतो. हीटर पेटतो तेव्हा असे जवळपास चाळीस बर्नर एकदम पेटवल्याइतका गॅस त्याला लागतो. शेगडी चालते यावरून एवढंच कळतं की नळीत गॅस आहे. चाळीसपट मागणी आली की तो पुरतो का, हे फक्त मागणी आल्यावरच कळणार. बंद हीटरवर दाब मोजणं म्हणजे निव्वळ औपचारिकता.

हे मी फोनवर वेगवेगळ्या लोकांना समजावलं. प्रत्येक वेळी पलीकडचा माणूस नवा, त्यामुळे प्रत्येक वेळी फिल्टरपासून सुरुवात. “मॅडम, फिल्टर साफ केला का?” केला. “एकदा बंद करून चालू करून बघा.” बघितलं. “मग कार्डच असेल.” ओळखीत एकाने तोवर पाण्यात इलेक्ट्रिक रॉड सोडायचा सल्ला दिला. पन्नास हजार लिटर पाणी एका अंशाने तापवायला साधारण 58 युनिट लागतात. दीड किलोवॅटच्या रॉडला त्यासाठी दीड दिवसाहून जास्त वेळ लागेल, आणि तेवढ्यात पाणी वरून गार होत राहील ते वेगळंच. पाण्यात करंट उतरायचा धोका तर बोलायलाच नको.

शेवटी सर्व्हिस सेंटरचा नाद सोडला आणि गॅस लाइनचं रीतसर काम करणाऱ्या मिस्त्रींना बोलावलं. (गॅसचा कुठलाही जोड स्वतः उघडू नका. वास आला तर मेन व्हॉल्व्ह बंद करा, तिथलं कुठलंही बटण दाबू नका, बाहेर पडा आणि फोन लांब जाऊन करा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो खड्ड्यात आणि पंपाच्या खोलीत जमिनीलगत साचून राहतो.)

मिस्त्रींनी गॅसचा दाब मोजायला पारदर्शक नळीचा यू आकाराचा मॅनोमीटर आणला होता. आत पाणी आणि शेजारी इंचाची पट्टी. हीटर बंद असताना साडेसात इंच. “आता चालू करा आणि फक्त नळीकडे बघा,” म्हणाले. ब्लोअर, इग्नायटर, ‘टक्’, आणि आकडा घसरत तीनच्याही खाली. नैसर्गिक गॅसला साधारण 7 इंच आणि प्रोपेनला 11 इंच दाब धरतात. पेटलेल्या अवस्थेत किमान किती दाब लागतो ते हीटरच्या पाटीवर लिहिलेलं असतं. आमचा त्याच्या जवळपासही नव्हता. मला इतका आनंद झाला की मी त्यांना पुन्हा एकदा चालू करून दाखवायला लावलं.

मग शोध उलट्या दिशेने. रेग्युलेटरच्या आधीचा दाब हीटर मागणी करतानाही हलत नव्हता. म्हणजे अडचण रेग्युलेटरमध्येच. त्याच्या अंगावर एक बारीक भोक असतं, आतल्या पडद्याला श्वास घ्यायला. मागणी वाढली की पडदा खाली सरकतो आणि बाहेरची हवा त्या भोकातून आत येते. आमच्या रेग्युलेटरचं भोक कुंभारीण माशीने चिखलाने लिंपून टाकलं होतं. अगदी गुळगुळीत, सुकलेलं, रेग्युलेटरच्याच करड्या रंगाचं. जवळून बघितल्याशिवाय तिथे भोक होतं हेही कळलं नसतं. हवा आत शिरत नाही, पडदा खाली सरकत नाही, वाट पुरेशी उघडत नाही. थोड्या गॅसला पुरतं, हीटरला पुरत नाही.

मला वाटलं टाचणीने उकरलं की झालं. मिस्त्री नको म्हणाले: टाचणी पडद्याला लागू शकते, आणि चिखल आत किती गेलाय ते दिसत नाही. नवा रेग्युलेटर बसवला, भोकाचं तोंड खाली आणि त्यावर जाळी. साबणाच्या पाण्याने प्रत्येक जोड तपासला. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा पेटला नाही आणि माझ्या पोटात गोळा आला, पण ती लाइनमध्ये राहिलेली हवा होती. काम झाल्यावर किंवा टाकी बदलल्यावर असं होतं. पुढच्या वेळी ‘भुस्’ करून निळी ज्योत सगळ्या बर्नरवर पसरली आणि मॅनोमीटर जेमतेम हलला.

सर्व्हिस सेंटरकडून नंतर मेसेज आला: ‘ग्राहकाने कार्ड बदलण्यास नकार दिल्याने तक्रार बंद.’

आठवलं म्हणून सांगते, हीटर बरेच महिने बंद असेल तर बर्नरच्या तोंडाशी कोळ्याची जाळी आहेत का तेही बघायला सांगा, त्यानेही पेटायला अडतं. इग्नायटर हाताळायची वेळ आली तर कांडीला उघडी बोटं लावू देऊ नका. बोटांचं तेल राहिलं तर कांडी तिथेच तडकते.

तुमच्याकडे ज्योत नीट येऊन काही सेकंदांत विझत असेल तर प्रकरण वेगळं. तिथे आधी फ्लेम सेन्सरची दांडी आणि अर्थिंग बघायला लावा. दांडीवर काजळी किंवा पांढरट थर असेल, नाहीतर अर्थिंग ढिलं असेल, तर ज्योतीतून जाणारा अगदी बारीक करंट कार्डापर्यंत पोचत नाही आणि ज्योत नाही असं समजून ते गॅस बंद करतं. आणि स्क्रीनच पूर्ण काळी असेल, म्हणजे कार्डावर संशय घ्यायला खरंच जागा असेल, तरी त्यावरचा छोटा फ्यूज आधी तपासून घ्या. तो मुलगा आपणहून तपासणार नाही.